डोंगरातली सपाट वाट

आज वेल्समधल्या एररी राष्ट्रीय उद्यानात डॉल्गेथ्लायहून बार्मथपर्यंत सायकल चालवली. डावीकडे 893 मीटर उंचीचा कादर इद्रिस, उजवीकडे मौदाख नदीची रुंद खाडी. इतक्या डोंगरात चढ मात्र नाही, कारण ही वाट म्हणजे एकेकाळचा लोहमार्ग. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून रूळ पाण्याच्या कडेकडेने टाकले होते. 1965 मध्ये गाड्या थांबल्या. रूळ गेले, सपाटी उरली. सुमारे 15 किलोमीटरच्या या वाटेवर पाठीमागून हॉर्न वाजत नाही, त्यामुळे नजर रस्त्यावरून उचलता येते. शेवटी 1867 सालचा लांबलचक लाकडी पूल लागतो. त्यावरून आजही रेल्वे जाते आणि तिच्या शेजारून सायकली.

वाटेत एक आजी नातवासोबत सावकाश पेडल मारत जाताना दिसल्या. मनापासून आनंद झाला. घाट चढणाऱ्यांच्या दमाचं मला कौतुकच आहे, पण डोंगर फक्त दमदार माणसांचे नसतात. म्हातारी, मुलं, नवखे, सगळ्यांना निर्धास्तपणे डोंगराजवळ नेणारी वाट हे राष्ट्रीय उद्यानाचं खरं वैभव. बंद पडलेला कुठलाही लोहमार्ग मोडीत काढण्याआधी हा विचार व्हायलाच हवा.