बंद वाटीतले लाकूड

पाठीमागून बंद असलेल्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर, म्हणजे विजेच्या संदेशावर थरथरणारा पातळ पडदा, जेवढा आवाज कानाकडे सोडतो तेवढाच मागच्या वाटीत कोंडतो, आणि हा कोंडलेला आवाज वाटीच्या तळावर आपटून किंचित उशिराने पुन्हा पडद्यावर येतो. ती वाटी कोणत्या लाकडाची असावी, या वादात पडणाऱ्या प्रत्येक कारागिराजवळ एक लाडके लाकूड असतेच. प्रस्तुत लेखकाचे लाडके लाकूड जुने सागवान, आणि तेही कल्याणमधले वाडे पाडले जाताना निघणाऱ्या तुळयांचे, दशकानुदशके छपराखाली मुरलेले. डोंबिवलीत लेथवर वाटी उतरवताना पटाशी टेकताच सुटणारा तेलकट, चामड्यासारखा वास आणि हळूहळू उघडी पडणारी गडद रेषा यांचा त्याला गर्व आहे. ग्राहकाच्या कानाला हेडफोन लावण्याआधी त्याच्या हातात लाकूड द्यायचे, ही सवयही त्या गर्वातूनच आलेली आहे.

साठी ओलांडलेल्या कानाने मात्र या गर्वाला अडचणीत आणले आहे. वयोमानाने येणारे बहिरेपण वरच्या स्वरांपासून सुरू होते, आणि वाटीचे बरेवाईट नेमके ज्या पट्ट्यात ठरते तोच पट्टा आधी मंद होतो. त्यामुळे अखेरचे ऐकण्याचे काम आता हाताखाली शिकणाऱ्या मुलीकडे गेले आहे. तिला लाकडाचे कौतुक नाही. कोणती वाटी कशाची आहे हे न पाहता ती ऐकते, आणि साग, आंबा की तून असे विचारले असता बहुतेक वेळा "फरक नाही" असेच सांगते.

पदार्थविज्ञान तिच्या बाजूचे आहे. ध्वनीला माध्यमाकडून होणारा विरोध त्या माध्यमाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराने मोजतात. हवेसाठी तो साधारण ४१० येतो, तर सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरला जाणारा हलका पांगारासुद्धा त्याच एककात लाखांच्या घरात जातो. म्हणजे पांगारा असो की पाण्याइतका जड खैर, मधल्या आणि वरच्या स्वरांत वाटीवर आदळणाऱ्या ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून अधिक परत फिरते. हवेच्या लेखी सगळी लाकडे सारखीच, नुसत्या भिंती.

पोकळीचे तसे नाही. वाटीची आतली खोली ३० मिलिमीटर असेल तर पडदा आणि तळ यांच्यामध्ये उभी लहर, म्हणजे दोन समोरासमोरच्या भिंतींत जागच्या जागी घुमत राहणारी लहर, ५,८०० हर्ट्झच्या आसपास तयार होते; खोली तीन मिलिमीटरने वाढवली की ती ५,३०० च्या जवळ उतरते. मराठीतला दंत्य 'स' याच परिसरात सळसळतो आणि 'श' त्याच्या खाली, म्हणून वाटी चुकली की गायकाच्या प्रत्येक 'स'ला धार येते आणि श्रोत्याला दोष मात्र ध्वनिमुद्रणाचा वाटतो. ठाण्यात राहिलेले पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांची 'मंदारमाला' (१९६३) या नाटकातली पदे या परीक्षेला फार उपयोगी पडतात, कारण तिथे तान कितीही वेगाची असली तरी अक्षर पुसले जात नाही, आणि ते पुसले गेलेच तर दोष वाटीचा असतो. तळाला सपाट न ठेवता कलता उतार देणे, कोपरे गोलावणे, नमद्याची चकती चिकटवणे, एवढ्याने होणारा फरक सागाच्या जागी अक्रोड घेऊन होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

मग जपानी कंपन्यांनी लाकडाचा एवढा सोस का केला असावा? सोनीने १९८९ साली 'एमडीआर-आर१०'साठी झेलकोव्हा निवडले, फोस्टेक्सने 'टीएच९००'च्या लाकडी वाट्यांवर उरुशी लाखेचा लेप चढवला, डेनॉनने 'एएच-डी९२००'साठी शिकोकू बेटावरचा बांबू घेतला. हे सगळे केवळ दिखाव्यासाठी झाले असे मानणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही, आणि त्या न पटण्यात त्याच्या स्वतःच्या सागाची ओढ किती आहे हे त्यालाही ठरवता येत नाही.

या कोड्यातून वाट दाखवली ती तबल्याने. दायाँचे, म्हणजे उजव्या हाताने वाजवायच्या तबल्याचे, खोडही बंद वाटीच असते. ते आरपार पोखरलेले नसून बुडाशी भरीव राहते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तबल्याच्या सुरेल उपस्वरांचे श्रेय पुडीवरच्या, म्हणजे ताणलेल्या कातड्यावरच्या, शाईच्या वजनाला दिले, तरीही वादक आजही शिसवीचे किंवा खैराचे जड खोडच मागतात. त्याचे कारण हवेत शोधले तर सापडत नाही. पुडी वादीने खोडाच्या बुडापर्यंत आवळलेली असते आणि थापेचा धक्का कातड्यातून काठावर, काठावरून थेट लाकडात उतरतो. खोड हलके असेल तर ते स्वतःच हलते आणि पुडीची ताकद खाते.

हेडफोनमध्ये काठाची जागा घेते ते ड्रायव्हर बसवण्याचे कडे. हे कडे मऊ नमद्याच्या थरावर टेकवले की शिकाऊ मुलीला लाकडे ओळखू येत नाहीत. तेच कडे चार स्क्रूंनी लाकडात घट्ट आवळले, पोकळी तसूभरही न बदलता, की साग आणि तून ती वेगळे सांगते, आणि तेही 'स'च्या पट्ट्यात नव्हे तर खर्जाच्या तंबोऱ्यात, जिथे सागात तार लवकर आवरते आणि तुनात थोडी रेंगाळते. लाकूड हवेतून ऐकत नाही, स्क्रूतून ऐकते, असा निष्कर्ष यातून निघतो. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याच्या दांडीसाठी तूनच का धरून बसले आहेत, याचाही काही उलगडा त्यातून होत असावा.

म्हणूनच प्लॅस्टिकच्या वाटीवर अर्ध्या मिलिमीटरचे दुर्मीळ लाकडाचे पान चिकटवून 'लाकडी नाद' विकणाऱ्यांबद्दल प्रस्तुत लेखकाला आदर वाटत नाही: तिथे स्क्रू प्लॅस्टिकमध्येच बसतो आणि लाकडापर्यंत काहीच पोचत नाही. दुसरीकडे खरे लाकूडच दुर्मीळ होत चालले आहे. साग आणि खैर महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, शिसवीच्या डालबर्जिया वंशावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, आणि वाडे तर एकदाच पाडता येतात. त्यात ठाणे-कल्याणचा पावसाळा असा, की हिवाळ्याअखेर १० टक्क्यांवर असलेला लाकडातला ओलावा श्रावणात १७-१८ टक्क्यांवर जातो, तंतूंच्या आडव्या दिशेत लाकूड फुगते आणि मे महिन्यात घट्ट बसलेले स्क्रू ऑगस्टमध्ये वेगळ्याच ताणावर असतात. नादातला जो फरक ग्राहक लाकडाच्या नावावर जमा करतो, त्यातला बराचसा या ताणाचा असतो.

सध्या वाटी सागाची आणि ड्रायव्हरचे कडे खैराचे, अशी जोडणी चालू आहे. त्यामुळे हलत नाही ते कडे, आणि रेंगाळत नाही तो खर्ज; शिकाऊ मुलीला मात्र तुनाची वाटीच अधिक आवडते आणि तिचे कान अधिक तरुण आहेत, तरीही विक्रीच्या जोडीत साग बदलण्यास प्रस्तुत लेखक अजून राजी झालेला नाही.