मागच्या सीटखालची शिट्टी

बाबांची गाडी २००७ची. पांढरी पेट्रोल हॅचबॅक, एक लाख तेरा हजार किलोमीटर पळालेली. २०२२ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा "काढून टाका आता" असं मी दहा वेळा तरी म्हटलं असेल. त्यांनी आरटीओत खेपा घातल्या, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांची नोंदणी वाढवून आणली. वाद संपला. मी हरलो.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात शनिवारी साताऱ्याला गेलो होतो. मंडईत जायला म्हणून गाडी काढली. किल्ली फिरवली आणि मागून एक बारीक, ताणलेली शिट्टी सुरू झाली. प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो सूर लागतो ना, तसा. इंजिन सुरू झाल्यावरही तो मागे चालूच.

"बाबा, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कसला आवाज?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. शेजारच्या काकांच्या गाडीचं टॅपेट सैल झालंय हे गॅलरीत चहा पिता पिता सांगणारा माणूस हा!

आवाज कुठून येत असणार याचा अंदाज होता. इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बुडवलेला असतो, म्हणजे साधारण मागच्या सीटखाली. छोटी इलेक्ट्रिक मोटर असते. किल्ली ऑन केली की दोनेक सेकंद 'घूंऽऽ' करून लाइनमध्ये दाब भरते आणि मग थांबते. इंजिन सुरू असेपर्यंत पुन्हा फिरत राहते. आजूबाजूचं पेट्रोलच तिला थंड ठेवतं, तेच तिचं वंगण. थोडा आवाज चांगल्या पंपालाही असतोच. तो बदललाय का, हा खरा प्रश्न.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने मान आत घालून पाच सेकंद ऐकलं. "पंप गेलाय बगा काका. अख्खी असेंब्लीच टाकावी लागंल. साडेनऊ हजार."

लॉग न उघडता 'सर्व्हर बदला' म्हणणारे लोक ऑफिसात रोज भेटतात, त्यामुळे मला ते ऐकून एकदम घरच्यासारखं वाटलं. म्हटलं, दोन दिवस द्या.

पहिलं काम म्हणजे, आवाज पंपाचाच आहे हे सिद्ध करणं. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं एक फुकट ॲप आहे, ते मागच्या सीटवर ठेवलं. अडीच हजार हर्ट्झच्या आसपास एक ठळक रेघ दिसली. बाबांना रेस द्यायला सांगितलं. इंजिनच्या रेघा रेसबरोबर वर सरकल्या, ही मात्र जागची हलली नाही. झालं! इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारं काहीही असतं, अल्टरनेटर म्हणा, बेअरिंग म्हणा, तर ती हललीच असती. उभ्या गाडीत चाकाच्या बेअरिंगचा तर प्रश्नच नाही. या जुन्या गाड्यांतला पंप मात्र रेस कितीही असो, एकाच वेगाने फिरतो.

मग वायरिंग. पंपाच्या प्लगवर मीटर लावला, व्होल्टेज बॅटरीइतकंच. म्हणजे वायर आणि रिले सुटले.

उरले दोन संशयित. पंप म्हातारा झालाय, की पंप ठीक आहे पण पुढे काहीतरी तुंबलंय आणि तो जीव खाऊन ढकलतोय? आवाज दोन्हींत सारखाच येऊ शकतो. पोवई नाक्याजवळ ओळखीच्या एका मेकॅनिककडे प्रेशर गेज मिळालं. तीन बारच्या आसपास दाब हवा. आयडलला काटा नीट उभा, पण रेस धरून ठेवली की हळूहळू घसरायचा. मागणी वाढली की पुरवठा कमी! सर्व्हिसचं पुस्तक काढलं. फिल्टर बदलल्याची शेवटची नोंद २०१६ची.

या गाडीत फिल्टर बाहेर, खालच्या बाजूला आहे. लाइनमधला दाब उतरवून, बॅटरीची तार काढून, मोकळ्या जागेत तो बदलून घेतला. (हे घरी, बंद गॅरेजमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ आहे, गंमत नाही.) जुना फिल्टर उलटा करून बाटलीत ओतला तर कोऱ्या चहासारखं काहीतरी निघालं, खाली गाळ. मेकॅनिक म्हणाला, "हे ई२०चं काम." असेलही. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवतं हे खरंच. पण नऊ वर्षं फिल्टर न बदलणाऱ्या घराने इथेनॉलला किती शिव्या द्यायच्या? खर्च साडेचारशे रुपये.

शिट्टी बरीच उतरली. पूर्ण गेली नाही, टाकी रिकामी होत आली की अजून ऐकू येते. वर्षानुवर्षं 'दोनशेचं टाक' करत रिझर्व्हवर फिरवलेली गाडी आहे. पेट्रोल कमी म्हणजे पंपाला थंडावा कमी, त्याने थोडी झीज झालीच असणार. म्हणजे साडेनऊ हजारवाला अगदीच चुकला नव्हता, घाई करत होता इतकंच.

फरक बघायला बाबांना मागे बसवलं आणि मी किल्ली फिरवली. त्यांनी सीट उचलून खालच्या पत्र्यावर तळहात ठेवला. "हं. परवा जास्त थरथरत होतं."

"आवाज?"

"आवाज नाही येत मला," ते म्हणाले. "इंजिनचा येतो. हा बारीक नाही येत." आणि मग जरा थांबून, "मोबाइलची रिंगही नाही येत कधी कधी. तुझ्या आईला सांगू नकोस."

आईला अर्थातच माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात पुण्याला आणून तपासणी केली. ऑडिओग्रामचा कागद हातात आला. दोन हजार हर्ट्झपर्यंत रेघ बऱ्यापैकी सरळ, पुढे घाटातल्या रस्त्यासारखी खाली. डॉक्टर म्हणाल्या, वयानुसार आधी बारीक आवाजच जातात, मशीनने फरक पडेल. किंमत ऐकून बाबा माझ्याकडे वळले. "आधी फिल्टर बघितलाय का यांनी?"

मशीनची ट्रायल चालू आहे. कुकर फार ओरडतो म्हणतात. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही असं बजावून आलोय. परवा फोनवर विचारलं तर म्हणाले, "टाकलं की. पाचशेचं."