उजेड कुणाच्या अंगावरून

९ डिसेंबर, वारणानगर
पोरांना ‘राजवाडा काढा’ म्हटलं की सगळी बुरूज नि झेंडा काढतात. आतली बैठक कुणीच काढत नाही. म्हणून आज कोल्हापूरला न्यू पॅलेस आतून बघून आलो.

मेजर चार्ल्स मँट यांचा आराखडा, बांधकाम १८७७ ते १८८४. मँट १८८१ मध्येच वारले. पुरा झालेला वाडा त्यांनी पाहिला नाही. शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले तेही १८८४ मध्येच, वयाच्या दहाव्या वर्षी.

दरबार हॉल दोन मजले उंच. एका टोकाला सिंहासन, वर बिडाच्या आधारांवर पेललेले सज्जे. बाजूच्या कमानींत रंगीत काचा आणि त्यांवर शिवचरित्रातले प्रसंग. तिथून माझा पाय निघेना. काचेतून कथा सांगायची ही कला युरोपातल्या चर्चमध्ये वाढली, संतांची चरित्रं दाखवत. इथे त्या काचांत शिवाजी महाराज आहेत, तेही इंग्रजी अमलात उभ्या राहिलेल्या दरबारात! गोरा साहेब कितीही मानाच्या खुर्चीत बसो, त्याच्यावर पडणारा उजेड महाराजांच्या अंगावरूनच येणार. साऱ्या वाड्यात याहून अर्थपूर्ण सजावट मला दिसली नाही.

शिकारीच्या दालनांत पेंढा भरलेले वाघ, गव्यांची मुंडकी. कारागिरी अव्वल, पण जीव रमला नाही.

१४ डिसेंबर
पन्हाळा. १७८२ मध्ये कोल्हापूर राज्याची राजधानी इथून कोल्हापुरात गेली. सज्जाकोठीत सामान काहीच नाही; खाली आपलं वारणेचं खोरं. जुन्या मराठी वाड्यांची बैठक बहुतेक कापडाचीच: जाजम, गादी, लोड, तक्के. गुंडाळलं की दिवाणखाना मोकळा, त्याच जागेत रात्री पंगत. न्यू पॅलेसमधल्या सिंहासनाची जागा मात्र कायमची ठरलेली.

१६ डिसेंबर
आठवीला काम दिलं: जाड काळ्या रेघा, मोजके रंग, दरबारातल्या एका रिकाम्या कमानीत काचेवर कोणता प्रसंग घालाल? बहुतेकांनी प्रतापगड घेतला. एकीने शाहू महाराजांनी १९०१ मध्ये काढलेलं मराठा बोर्डिंग काढलं, जेवायला बसलेली पोरं. तिने विचारलं, “सर, महाराजांना कुठं बसवू? सिंहासन मावंना.”

म्हटलं, “पंगतीत बसव की.”