पंचवीस की बावन्न?

आमचं इब्रामपूर पेडणे तालुक्याच्या टोकाला, दोडामार्ग इथून जवळ. कॉम्प्युटरचं शिकलेला म्हणून मोबाईलपासून टीव्हीपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. तसंच एका दूध केंद्राचं मशीन आलं. नवा काटा जोडून हवा होता.

आत ८०५१ जातीची चिप. इंटेलने १९८० मध्ये काढलेली ही जात अजून तग धरून आहे. प्रोग्राम सी भाषेत, 'काइल' कंपायलरसाठी लिहिलेला; पण तो ज्या पीसीवर होता तो कधीच बंद पडलेला. म्हणून मी फुकट मिळणारा 'एसडीसीसी' घेतला.

भाषा सीच, तरी बोली वेगळी. काइलमध्ये पिन 'पी१^०' अशी लिहितात, एसडीसीसीत 'पी१_०'. 'इंटरप्ट' शब्दाआधी दोन खालच्या रेघा लागतात. हे सोपं, कारण चुकलं की कंपायलर स्वतःच ओरडतो. दोन संध्याकाळींत काम झालं, एकही एरर नाही.

भीती असते ती न ओरडणाऱ्या गोष्टींची. मशीनच्या मेमरीत प्रत्येकाच्या दुधाची बेरीज साठवलेली. टेबलावर तपासताना एका खात्यात ३० लिटरच्या जागी ११२६.५ लिटर दिसले!

कारण मजेशीर आहे. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी म्हणतो, इंग्रजीत वीस आधी. ऐकणाऱ्याने क्रम उलटा धरला तर पंचवीसचे बावन्न. मशीनमध्ये ३० लिटर म्हणजे ३०० हा आकडा, दोन बाइटांत. काइल मोठा बाइट आधी ठेवतो, एसडीसीसी लहान. जुन्याने ठेवलेले ३०० नव्याने ११२६५ वाचले.

मग दोन्ही बाइट वेगवेगळे वाचून, मोठ्याला २५६ ने गुणून, लहान त्यात मिळवायचा असं स्पष्ट लिहिलं. आता कंपायलर कुठलाही असो, आकडा तोच. शेवटी एकेक खातं केंद्राच्या वहीशी ताडून पाहिलं.

मशीन बसवलं त्या दिवशी एका आजींनी विचारलं, "नवें जालें तरी म्हजें दूद तितलेंच दाखयतलें मरे?"

त्यांना बाइट ठाऊक नाहीत, पण प्रश्न अगदी नेमका होता. त्या आकड्यावर त्यांचे महिन्याचे पैसे ठरतात. मंडळी, तुमच्याकडे अशी जुनी मशीनं असतील तर बदलताना नुसतं चालतंय एवढं बघू नका. जुन्या वहीशी हिशेब जुळवून घ्या.