लोणारची एक दिवसाची सफर

समुद्रातील एखादे बेट पाहण्यास जाणाऱ्या मंडळींस परतीच्या होडीची वेळ सदैव ध्यानात बाळगावी लागते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. परंतु काळ्याभोर शेतांच्या सपाटीत एकाएकी खोल गेलेले, झाडीने वेढलेले लोणारचे विवर हे आम्हांस एखाद्या बेटासारखेच वाटते. तेथे होडी नाही, पण चढ आहे; आणि तो होडीहून निष्ठुर आहे.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. दोन वर्षांपूर्वी वैशाखात आमची अकरा माणसे तेथे गेली. गावात जेवणे आटोपून भर अकरा वाजता आम्ही खाली उतरलो. उतरताना मुले धावत होती, आत्याबाई स्तोत्र म्हणत होत्या. परत येताना मात्र पाण्याचे तांबे रिकामे झाले, आत्याबाई अर्ध्या वाटेवर दगडावर बसल्या आणि त्यांस वर आणण्यास आम्हांस दोन तास लागले. दोष सर्वस्वी आमच्या आखणीचा होता. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे दीडशे मीटर आहे. म्हणजे दिल्लीचे दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत, इतकी! चुलीसारख्या तापलेल्या त्या कढईत वारा म्हणून नसतो.

यंदा मार्गशीर्षात पुन्हा जाण्याचे ठरले आहे. पहाटे पाचास निघून चिखली-मेहकरमार्गे सुमारे ९० किलोमीटर जावयाचे. मेहकरास शारंगधर बालाजीचे दर्शन येताना घ्यावयाचे, जाताना नव्हे. धपाटे, दशम्या व माणशी दोन शेर पाणी बरोबर. उन्हे चढण्यापूर्वी उतरून दहाच्या आत वर यावयाचे. पाऊस पुष्कळ झालेल्या वर्षी काठची वाट पाण्याखाली जाण्याचा संभव असतो, तेव्हा आधी वनखात्याच्या माणसांस विचारणे बरे. गावातील दैत्यसूदनाचे हेमाडपंती देऊळ दुपारी पाहावे. भगवंताने लवणासुराचा वध केला ती जागा हीच, अशी कथा आहे. आणि खाऱ्या सरोवराच्या गावी दैत्याचे नावच लवण असावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

शास्त्रज्ञांची कथा याहून कमी अद्भुत नाही. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे पुष्कळ काळ हे ज्वालामुखीचे मुख असे मानीत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने बदललेल्या खडकांच्या पुराव्यावरून ते उल्कापाताने झाले हे ठरले. बेसाल्टात पडलेले इतके सुरक्षित विवर पृथ्वीवर विरळा. चंद्राच्या पृष्ठाशी तुलना करण्यास ते म्हणूनच उपयोगी पडते. वय आधी सुमारे ५२,००० वर्षे सांगत. अलीकडच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. चिरंजीवांस हा फरक इतका आवडला की, इतिहासाच्या परीक्षेत आपलेही उत्तर एवढेच चुकले होते, असे ते सांगत सुटले आहेत.

पाणी खारे व क्षारयुक्त असल्याने स्पर्शास साबणासारखे बुळबुळीत लागते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा घरोघरी तर्क चालले; पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून, खारटपणा वाढल्यामुळे माजलेल्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा तो रंग होय, असे सांगितले. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत आले. अशा ठिकाणी निर्माल्य व पिशव्या टाकून येणारी सुशिक्षित मंडळी पाहिली की लाज वाटते.

आता खरा प्रश्न मातोश्रींचा. वय शहात्तर, गुडघे दुखतात, आणि काठावरील कमळजादेवीची ओटी स्वहस्ते भरावयाची त्यांची इच्छा फार वर्षांची. पालखीसारखी खुर्ची न्यावी असे धाकटे बंधू म्हणाले. त्या वाटेने चार माणसांनी खुर्ची उचलणे आम्हांस धोक्याचे वाटते. "उतरणे देवी करवील, पण चढणे तुम्हांसच करावयाचे आहे," असे थोरल्या वहिनींनी धीर करून सांगितले. मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरे तर. खण-नारळ सूनबाईच्या हाती देईन. मी वर धारेच्या काठी बसून पाहीन."

सर्वांस हायसे वाटले. परंतु काल त्यांची पिशवी भरताना वहिनींस तीत नव्या कापडी बुटांचा जोड आढळला.