बिनपगारी वैमानिक

आपल्याकडे तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडबाहेर जशा रिक्षा लागलेल्या असतात, तशी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावाबाहेर विमाने लागलेली असतात. हा अतिशयोक्ती अलंकार नव्हे. (अलंकार शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा, तो मी निदान सुट्टीत तरी बंद ठेवतो.) सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या काठी, पाणथळीला लागून एकच एक धावपट्टी आहे. लांबी अवघी चोवीसशे फुटांच्या आसपास. तिच्या बाजूला एका इंजिनाची, दोन-चार माणसे मावतील अशी विमाने गोठ्यातल्या गुरांसारखी जमिनीला बांधून ठेवलेली. वाऱ्याने उलटू नयेत म्हणून! पलीकडे चिखलात बगळे उभे असतात आणि डोक्यावरून विमान गेले तरी ते मान वर करीत नाहीत. रोजचेच झाले म्हणायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या भाच्याकडे, मंदारकडे गेलो होतो. पाच दिवस तो संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. शनिवारी मात्र निळा टी-शर्ट आणि करडी पँट चढवून ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ नावाच्या संस्थेत हजेरी लावतो. पगार शून्य. उलट वर्गणी हाच भरतो. हवाई दलासारखा रुबाबदार गणवेशही या संस्थेत आहे. पण त्याला वजनाची आणि दाढीची अट आहे. मंदारची दाढी गुळगुळीत असते. त्यामुळे टी-शर्टाचे कारण काय, हे वाचकांनी ओळखावे.

ही संस्था स्थापन झाली १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवर बॉम्ब पडण्याच्या बरोबर सहा दिवस आधी. पुढच्याच वर्षी जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ तेलाची जहाजे बुडवू लागल्या आणि लष्कराजवळ पहाऱ्याला पुरेशी विमाने नव्हती. तेव्हा हौशी वैमानिक पुढे आले. कुणी दुकानदार, कुणी शेतकरी, कुणी वयामुळे सैन्यात न घेतलेला. स्वतःची लहान लहान विमाने घेऊन ही मंडळी समुद्रावर गस्त घालू लागली. ऑगस्ट १९४३ पर्यंत त्यांनी शहाऐंशी हजारांवर फेऱ्या केल्या, आणि त्या गस्तीत सव्वीसजणांना प्राण गमवावे लागले. युद्ध संपले तरी संस्था उरली. १९४८ साली ती हवाई दलाची अधिकृत साहाय्यक संस्था झाली आणि आता तिचे मुख्य काम म्हणजे हरवलेली विमाने व माणसे शोधणे, पूर-वणव्यांची छायाचित्रे घेणे. न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे कोसळले, त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबर २००१ ला, सारे आकाश बंद असताना वरून छायाचित्रे घेतली ती याच संस्थेच्या लहान विमानाने.

विमान म्हटले की आपल्याला एक पुष्पक आठवते, नाहीतर तुकोबांना न्यायला आलेले. दोहोंतही बसणाऱ्याला काही शिकावे लागले नव्हते. मंदारला मात्र सहा वर्षे लागली. आधी वैमानिकाचा खाजगी परवाना. कायद्याने किमान चाळीस तासांचे उड्डाण, आणि चाळीस तासांत भागले असा माणूस विरळा. मग संस्थेचे सभासदत्व. ते नागरिकाला किंवा कायमचा रहिवासी असलेल्यालाच मिळते, आणि त्यासाठी बोटांचे ठसे घेऊन पूर्वचरित्र तपासतात. एवढे झाल्यावर वाटेल की आता विमान हाती देतील. छे! गाणे शिकायला आलेल्याला बुवा आधी तंबोऱ्यावर बसवतात, तसे मंदारला मागच्या सीटवर बसवले. काम काय, तर खिडकीतून खाली बघायचे. त्यानंतर पुढच्या उजव्या सीटवर निरीक्षक म्हणून. मुख्य वैमानिक म्हणून ठरलेल्या तासांचा अनुभव जमल्यावरच शोधाच्या कामावर विमान चालवायचा मान मिळतो. गंमत अशी, की तो मिळाल्यावर खाली बघायचे नाही! वैमानिकाने फक्त विमान चालवायचे. बघण्याचे काम इतरांचे.

संस्थेच्या विमानात माझ्यासारख्या उपऱ्याला वाटेल तेव्हा बसता येत नाही. म्हणून मंदारने क्लबातून एक सेसना भाड्याने घेतले. लहानपणी आपण तासावर सायकल घ्यायचो, तसे तिथे तासावर विमान मिळते. निघण्यापूर्वी त्याने तपासणीची यादी काढून पोथी वाचावी तशी मोठ्याने वाचली आणि प्रत्येक ओळीला एकेक कळ, एकेक काटा बोट लावून पाहिला. मी विचारले, “पाठ नाही झाली अजून?” तर म्हणाला, “मामा, पाठ झालेली माणसंच ओळ गाळतात.”

वर गेल्यावर मिठागरांची तळी दिसली. काही हिरवी, काही चक्क कुंकवाच्या पाण्यासारखी लाल. मग पूर्वेच्या टेकड्या, आल्टमाँट खिंडीतल्या पवनचक्क्या, आणि त्यापुढे एकदम सपाट, चौकोनी शेतांचा प्रदेश. तो संपला की सिएरा नेवाडा पर्वताचा पायथा लागतो. आमच्या मे महिन्यात सह्याद्री जसा वाळून पिवळा पडतो, तशाच या टेकड्या पिवळ्या पडू लागल्या होत्या, फक्त मधूनमधून ओकची गर्द झाडे. दूर बर्फाची शिखरे.

इथे मंदारने विमान जमिनीपासून हजार फुटांवर स्थिर केले आणि मला म्हणाला, “बघा, माणसानं केलेलं काही दिसतं का.” शोधाची एक रीत असते. नजर भिरभिरू द्यायची नाही. एका ठिकाणी क्षणभर थांबवायची, मग पुढच्या ठिकाणी. पडलेले विमान विमानासारखे दिसत नाही. कुणी कचरा टाकलाय असे दिसते. मोडलेले शेंडे, करपलेला ठिपका, उन्हात चमकलेला पत्र्याचा तुकडा, एवढीच खूण. मला गाई दिसल्या, एक पाण्याची टाकी दिसली. पाऊण तासाने डोळे असे शिणले, की उत्तरपत्रिकांचा शंभराचा गठ्ठा परवडला. ही माणसे असे तासन्‌तास बघतात.

डोंगरात उतरणे आणखी अवघड. दरीत खालून वर कधी शिरायचे नाही. दरी अरुंद होत जाते, जमीन चढत जाते, आणि वळायला जागा राहत नाही. म्हणून शिखराच्या वरून सुरुवात करून थराथराने खाली यायचे. त्यात दुपारच्या उन्हाने हवा विरळ झाली, की इंजिनाचाही दम कमी पडतो.

आम्ही कोलंबिया नावाच्या गावी उतरलो. १८५० साली सोने सापडल्यामुळे भरभराटलेले हे गाव. सोने संपले, गाव उरले; आता सरकारने जुन्या विटांच्या इमारती, दुकाने, घोड्यांच्या गाड्या जतन करून ठेवल्या आहेत. विमानतळावरून चालत जाता येते. तिथल्या बाकावर बसून आम्ही सूनबाईंनी दिलेली थालीपिठे खाल्ली आणि मी अक्काचा निरोप काढला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मंदारची आई. निघताना तिने मला बजावले होते, “तू मामा आहेस. तुझं तो ऐकतो. दोन लहान लेकरं आहेत पदरी, घराचं कर्ज आहे. हे खूळ त्याच्या डोक्यातून काढ.” मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

मंदार थोडा वेळ काही बोलला नाही. समोरच्या पर्वताकडे बोट करून म्हणाला, “स्टीव्ह फॉसेट माहीत आहे?” नाव ऐकले होते. एकट्याने बलूनमधून पृथ्वीप्रदक्षिणा केलेला, मग २००५ साली एकट्यानेच, कुठेही न उतरता, विमानातून केलेला हा साहसी माणूस ३ सप्टेंबर २००७ ला नेवाडातल्या एका रँचवरून लहानशा विमानाने फेरफटका मारायला निघाला आणि परतला नाही. महिनाभर शोध चालला. सिव्हिल एअर पेट्रोलची विमाने हजारो चौरस मैल धुंडाळत होती. सापडले काय, तर वर्षानुवर्षे कुणाला ठाऊक नसलेले दुसऱ्याच विमानांचे अवशेष! फॉसेट नाहीच. वर्षाने एका डोंगर भटकणाऱ्याला त्याची ओळखपत्रे मिळाली आणि मग दहा हजार फुटांवर अवशेष. उतरत्या हवेच्या झोताने विमान खाली ओढले गेले, असे चौकशीत निघाले.

“तो प्रसिद्ध होता म्हणून तुम्हाला नाव माहीत,” मंदार म्हणाला. “मी मागच्या सीटवर होतो तेव्हा एकाला तीन दिवस शोधत होतो. चौथ्या दिवशी जमिनीवरच्या लोकांना सापडला. मामा, त्या झाडीवरून आम्ही दोनदा गेलो होतो. माझ्या बाजूच्या खिडकीखालून.”

मी पुढे काही विचारले नाही. थालीपिठाचा डबा बंद केला.

परतल्यावर त्याने मला एक कागद दाखवला. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो भरावा लागतो. हवा कशी, प्रदेश कसा, झोप किती झाली, थकवा किती, प्रत्येकाला गुण. बेरीज ठरलेल्या आकड्यावर गेली तर वरिष्ठांच्या परवानगीवाचून विमान हलत नाही. शिवाय तिघांपैकी कुणालाही ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क. आता बरेच शोध मोबाईलच्या खुणांवरून आणि रडारच्या नोंदींवरून लागतात. संस्थेची माणसे घरी संगणकासमोर बसूनही ते काम करतात. मी सुचवले, की तू ते कर, तुझा तर धंदाच तो. मंदार म्हणाला, “तेही करतो.”

रात्री अक्काला फोन लावला. सगळे सांगितले, दरी, हवा, कागद, काही लपवले नाही.

“झोप किती झाली तेसुद्धा विचारतात?” एवढ्यावर तिचा आवाज जरा निवळला. “मी इतकी वर्षं विचारते तर उत्तर देत नाही!”

मग बराच वेळ ती गप्प होती. मला वाटले, फोन तुटला.

“सापडल्यावर त्या माणसाच्या घरी कोण कळवतं रे?”

मी मंदारला विचारले. ते काम शेरीफच्या माणसांचे, तो म्हणाला. वैमानिकांनी फक्त ठिकाण सांगायचे.

“बरं,” अक्का म्हणाली. “त्याला म्हणावं, पुढच्या वेळी जाशील तेव्हा आधी नको, उतरल्यावर मला फोन कर. इकडे कितीही वाजलेले असोत.”