खापरचा बाजार

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर वसलेल्या या गावाचे नाव प्रथम कानावर पडले तेव्हा दुसऱ्याच्या माथी फोडावयाचे खापर तेवढे मला आठवले. परंतु होळीपूर्वीच्या एका बाजारदिवशी मी तेथे उतरलो आणि डोंगरवाटेने पाट्या घेऊन उतरणारी माणसांची रांग पाहिली, तेव्हा त्या नावाची थट्टा करण्याची इच्छा आपोआप मावळली.

इंग्लंडात बेकवेल नावाच्या जुन्या गावी दर सोमवारी बाजार भरतो आणि १९५१ साली घोषित झालेल्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचे प्रवासी तेथे हौसेने हिंडतात, असे वाचनात होते. खापरच्या बाजारात हौशी प्रवासी बहुधा मी एकटाच, आणि तोही माप घालणाऱ्यांच्या वाटेत येणारा! हद्दीपलीकडे गुजरातेत सहाशे चौरस किलोमीटरांहून विस्तीर्ण असे शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. पण अरण्य पाहावयास तिकडे जाण्याची निकड मला भासली नाही, कारण ते पायी चालत येथवर आले होते.

एका म्हातारीसमोर गेल्या हंगामाचा मोह होता. पहाटे झाडाखाली टपटपलेली, वेचताना फिकट पिवळी असलेली ती फुले वाळून मनुकांसारखी तांबूस झाली होती आणि त्यांचा आंबूस-गोड वास शेजारच्या मिरच्यांच्या खाटालाही हटत नव्हता. दुकानदार गुजरातीत भाव सांगे, ती वसावीत नाकारी. मध्येच अहिराणी शब्द येई आणि व्यवहार पुढे सरके. ज्या मुलखात मेवासी संस्थानिकांचा अंमल होता व पुढे जंगलखात्याच्या परवान्यावाचून पान हलत नसे, तेथील हे फूल वेचण्या-विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने वेचणाऱ्याच्या पदरी घातला. म्हातारीला कायदा ठाऊक असेल-नसेल. तराजूच्या काट्यावरून मात्र तिची नजर क्षणभरही ढळली नाही.

पलीकडे तरुणांची झुंबड घुंगरांच्या दुकानाशी होती. काठी गावच्या होळीत कमरेला बांधावयाचे ते घुंगरू प्रत्येक जण कानाशी नेऊन वाजवी, आणि नाद बद्द वाटला की निमूटपणे परत ठेवी. इतकी चोखंदळ गिऱ्हाइके मी पुण्याच्या सराफकट्ट्यावरही पाहिली नाहीत.

म्हातारीने मिळालेल्या पैशांतून आधी मीठ घेतले, मग नातीसाठी लाल मण्यांची माळ. उन्हे कलण्यापूर्वीच बाजार मोडला; डोंगरातल्या पाड्यांची वाट लांबची होती.